आधी वर्ग, मग इमारत

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत राबलेला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो, ते पाळी सुटल्यावर चाळीच्या जिन्यातल्या दिव्याखाली बसून. तेव्हा कॉलेजवर बोलायचा आम्हाला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण उपाशी माणसालाच भाकरीची किंमत कळते. म्हणून आज औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीविषयी बोलणार आहोत.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, आणि पदवी घ्यायची तर हैद्राबाद गाठावं लागे. आपल्या माणसाला गावची शाळा दुर्मीळ, तिथं हैद्राबाद कुठलं! सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात विलीन झालं. त्यानंतर दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १९ जून १९५० रोजी, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. ही सोसायटी त्यांनी १९४५ साली स्थापली होती आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं होतं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसली १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. म्हणजे वर्ग भरले १९५० साली आणि कोनशिला पुढच्या वर्षी! बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. इमारत होईपर्यंत मुलांनो थांबा, असं ते म्हणाले नाहीत. आधी मुलं गोळा केली, मग दगड.

परिसराला नाव दिलं नागसेनवन, कॉलेजला मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा, मोठा वादपटू. नागसेन भिक्खूनं त्याला विचारलं, "राजा, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे चाक का? आस का? जू का?" राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागलं. सगळं जुळून येतं तेव्हाच त्याला रथ म्हणतात. राजानं ते मान्य केलं. पटलं तर राजानंही मान्य करावं, ही शिकवण बाबासाहेबांनी कॉलेजच्या नावातच घालून ठेवली.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यासाठी १९७८ पासून मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांनी काय सोसलं, ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्याच वर्षी रजा टाकून आम्ही नागसेनवनात गेलो. फाटकाशी घुटमळत होतो. एक पोरगा म्हणाला, "काका, आत या ना." त्याचे वडील शेतमजूर होते, तो बी.ए.ला होता. आम्ही भिंतीला हात लावला आणि डोळे भरून आले. पण मनात नागसेनाचा प्रश्न आला, इमारत म्हणजे ही भिंत का? हे छप्पर का? नाही. त्या पोराशिवाय ती नुसती दगडमाती! याच कॉलेजात गंगाधर पानतावण्यांनी शिकवलं, आणि त्यांच्या 'अस्मितादर्श'मधून आपली माणसं लिहिती झाली. त्या इमारतीची खरी उंची ती.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. आपण विहाराच्या कमानीसाठी पावती-पुस्तकं छापली. आम्हीही वर्गणी दिली, कमान व्हावीच. परंतु वंदना झाली की हॉलला कुलूप लागतं. दहावी-बारावीची पोरं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसतात. आमच्या वेळी चाळीचा जिना होता, त्यांच्या वाट्याला फुटपाथ. मग आपण पुढे गेलो की मागे?

अभ्यासिका नवा मजला झाल्यावर काढू, असं समितीत बोलणं झालंय. आम्ही म्हणतो, उद्याच काढा. एक सतरंजी, दोन ट्यूबलाइट आणि रात्री अकरापर्यंत उघडं दार, एवढं आज आपल्याकडे आहे. किल्ली आमच्याकडे द्या. उघडायला आणि झाडायला आम्ही येऊ. रात्रपाळीची सवय आहे, जागरणाचं भय नाही.

बाबासाहेबांनी कोनशिलेआधी वर्ग भरवले. आपण कमानीआधी एवढं करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!