देवमासा किनाऱ्याला लागतो तेव्हा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

देवमासा हा मासा नाही, हे आपण शाळेत शिकलो. देवमासा आणि डॉल्फिन आपल्यासारखेच फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात. पण यांपैकी काही प्राणी आपल्या मुंबईच्या दारातच राहतात, हे अनेकांच्या गावी नसते. वर्सोवा, मढ, गोराईच्या कोळी बांधवांना विचारा. पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन आणि पाठीवर पर नसलेला लहानखुरा पॉर्पॉइझ हे दोघे इथल्या उथळ पाण्यातले रहिवासी.

आपली त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा ते मेल्यावर. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूवर सुमारे ३५ फूट लांबीचा ब्रायड जातीचा देवमासा मृतावस्थेत आला. बातमी पसरली आणि बघ्यांची झुंबड उडाली. मोबाइलवर फोटो काढणारेच अधिक. जिवंत प्राणी किनाऱ्याला लागला, तर हीच गर्दी त्याच्या जिवावर उठू शकते.

असे का? पाण्यात असताना त्याच्या देहाचा भार पाणी पेलते. वाळूवर तोच भार त्याच्या फुप्फुसांवर येतो. कातडीखालच्या चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. त्यात माणसांचा गोंगाट! जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत आला. प्रयत्न करूनही तो वाचला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिलू वाळूत अडकले. गावकरी आणि वनखात्याचे कर्मचारी त्याच्यावर पाणी मारत राहिले, शेवटी त्याला खोल समुद्रात नेऊन सोडले. पिलू पुन्हा किनाऱ्याला लागले आणि मेले. माणसांनी कसूर केली नव्हती. पण किनाऱ्याला लागणारा प्राणी बऱ्याचदा आधीच आजारी, जखमी किंवा आईपासून दुरावलेला असतो.

मग स्वयंसेवकांनी करायचे काय? पहिले काम गर्दी दूर ठेवण्याचे. दुसरे, वनखात्याला कळवण्याचे. त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. जाणकार येईपर्यंत प्राण्यावर सावली धरावी, अंगावर ओले कापड टाकावे. डोक्यावरचे श्वासाचे छिद्र मात्र उघडे राहिले पाहिजे; त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. शेपटीला दोर बांधून ओढू नये. आपल्या मनाने त्याला समुद्रात ढकलू नये.

आणि प्राणी मेलेला असेल तर? तेव्हाही काम संपत नाही. हात न लावता जागा, तारीख, लांबी टिपावी, फोटो काढावा. जाळ्याचा वळ आहे का, बोटीच्या पंख्याची जखम आहे का, हे अशा फोटोंतून कळू शकते. देशभरातले अभ्यासक अशा नोंदी एकत्र करतात. मुंबईत २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला. किनाऱ्यावरचे जीव सामान्य माणसांना दाखवावेत आणि त्यांच्याकडूनच नोंदी करून घ्याव्यात, हा त्यामागचा विचार. समुद्रात काय बिघडले आहे, हे सांगणारा हा एक मोठा पुरावा असतो.

एक गोष्ट विसरू नका. या प्राण्यांचे पहिले रक्षक कोळी आहेत. डॉल्फिन जाळ्यात अडकला की महागाचे जाळे कापायचे की त्याला मरू द्यायचे, हा प्रश्न भर समुद्रात त्यांनाच पडतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या प्राण्यांना संरक्षण दिले आहे. पण जाळे कापणाऱ्याचे नुकसान कोणी भरून द्यायचे? म्हणून वनखात्याच्या कांदळवन कक्षाने संरक्षित प्राणी सोडवणाऱ्या मच्छीमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. पोटाचा विचार झाला की कायदाही पाळला जातो.

मुलुंड-घाटकोपरहून आपण रविवारी जुहूला भेळ खायला जातो. तिथे कधी असा प्राणी दिसला, तर दोन पावले मागे सरा, शेजारच्यालाही सारा आणि १९२६ फिरवा. एवढे जमले तरी पुष्कळ झाले.