मॉन्टिसेलोची मुरलेली एल



एखाद्या थोर पुरुषाचें स्मरण करावयाचें तर आपल्याकडे पुतळा उभारतात, रस्त्यास नांव देतात, निदान जयंतीच्या दिवशीं व्याख्यान तरी ठेवतात. त्याच्या घरीं जें पेय तयार होत असे तेंच पुन्हां तयार करून त्याचें स्मरण करावें, ही कल्पना आपणांस थोडी चमत्कारिक वाटेल. मलाही वाटली. पण ज्या गृहस्थांनीं ती मला सांगितली ते माझे शेजारी आहेत, शाळेंत तीस वर्षें इतिहास शिकवून निवृत्त झालेले आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांना भरलेलें मोठें पातेलें उचलावयास दुसरा माणूस हवा होता.

मी मूळचा पुण्याचा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यांत शार्लट्सव्हिल नांवाचें शहर आहे, तेथें गेलीं अठरा वर्षें माझें वास्तव्य आहे. शहराबाहेर एका टेकडीवर मॉन्टिसेलो हें टॉमस जेफर्सनचें घर उभें आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा ज्यानें १७७६ च्या जून महिन्यांत फिलाडेल्फियास बसून लिहिला आणि जो पुढें त्या देशाचा तिसरा अध्यक्ष झाला, तोच हा जेफर्सन. जाहीरनामा मान्य झाला ४ जुलै १७७६ रोजीं. आणि नेमक्या पन्नास वर्षांनीं, ४ जुलै १८२६ रोजीं, जेफर्सन याच घरांत वारला. म्हणजे २०२६ च्या ४ जुलैस जाहीरनाम्यास अडीचशें वर्षें आणि जेफर्सनच्या मृत्यूस दोनशें वर्षें एकदम पुरीं होणार होतीं. त्या दिवसासाठीं जेफर्सनच्या घरची एल तयार करून मुरत घालावयाची, असें शेजाऱ्यांनीं मनांत घेतलें.

एल ही बिअरचीच एक जात. धान्यास मोड आणून तें वाळवावयाचें, भरडून ऊन पाण्यांत भिजत ठेवावयाचें, उतरलेलें गोड पाणी गाळून घ्यावयाचें, हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तें उकळावयाचें, आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवावयाचें. आपल्या घरांतून तान्ह्या मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करतात. ज्यांनीं तें केलें असेल त्यांना यांतला पहिला भाग नवा नाहीं. मोड येतांना दाण्यांत असें एक द्रव्य जागें होतें कीं जें पिठाची साखर करतें. पुढचें काम यीस्टचें. आतां मुरलेली एल म्हणजे काय? इंग्लंडांत ऑक्टोबर महिन्यांत, थंडी पडूं लागली कीं, दाट रसाची एल करून ती लाकडी पिंपांत वर्ष वर्ष ठेवीत. ताज्या एलची गोडी जाऊन ती गडद, किंचित् आंबूस, चामड्याच्या वासाची होई. याचें कारण विसाव्या शतकाच्या आरंभीं कळलें. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत क्लाउसेन नांवाच्या शास्त्रज्ञानें इंग्लंडच्या जुन्या बिअरमधून एक अत्यंत सावकाश काम करणारें यीस्ट वेगळें काढलें आणि ब्रिटनच्या नांवावरून त्यास ब्रेटॅनोमायसीस असें नांव दिलें. लोणचें मुरण्यास जसा नुसता मसाला पुरत नाहीं, दिवस जावे लागतात, तसेंच हें.

येथें कायद्याचा एक शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत घरगुती बिअर करण्यास मुभा मिळाली ती १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें. ज्या घरांत दोन प्रौढ माणसें आहेत त्या घरास वर्षाकाठीं २०० गॅलन. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरीं मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. तेव्हां हें भाषण ऐकून कोणीं पातेलें चुलीवर चढवूं नये.

दोनशें गॅलन हा आंकडा ऐकून शेजारी खूश झाले होते, कारण जेफर्सनच्या घरची वर्षाची एल बरोबर तेवढीच होती: शंभर गॅलन शरद ऋतूंत आणि शंभर वसंतांत. हें त्यानें स्वतःच एका पत्रांत लिहून ठेविलें आहे. त्याच पत्रांत तो म्हणतो कीं, आम्ही एका बुशेल गव्हापासून आठच गॅलन काढतों. विकणारे कारखानदार पंधरा काढतात, म्हणून त्यांचें पेय पांचट होतें. गव्हाचें बुशेल म्हणजे ६० पौंड. हिशेब केला तर सुमारें ३० लिटर एलला २७ किलो गहूं पडला. मोड आणून वाळविलेला दाणा फुगून हलका होतो आणि बुशेल हें वस्तुतः पायलीसारखें माप आहे, हें धरून कांहीं वजा घातलें तरी हा रस काकवीच्या मार्गास लागलेला असणार. हें प्रमाण वाचून शेजाऱ्यांनीं टाळी वाजविली. इतकी दाट एल वर्षभर मुरण्यास हरकत नव्हती.

पण प्रमाण म्हणजे कृति नव्हे, आणि आमची पहिली अडचण तीच झाली. मॉन्टिसेलोच्या एलची कृति कोठेंच लिहिलेली नाहीं. पाहुण्यांची नांवें, वाऱ्याची दिशा, वाटाणे केव्हां पेरले आणि केव्हां पानांत आले, हें सर्व लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या घरची ही गोष्ट आहे! १८२१ सालीं एका स्नेह्यानें कृति मागितली तेव्हां जेफर्सननें उत्तर दिलें कीं, माझ्यापाशीं कृति नाहीं, आणि नुसत्या कृतीवरून हें काम साधेल असें मला वाटत नाहीं; साधण्यासारखें असतें तर काँब्रूनच्या ग्रंथानें साधलें असतें. काँब्रून हा अठराव्या शतकांतील इंग्लंडचा बिअर-उत्पादक, थर्मामीटर हातीं घेऊन या विषयावर ग्रंथ लिहिणारा.

कृति नव्हती, कारण ती पीटर हेमिंग्सच्या हातांत होती.

पीटर हेमिंग्स हा जेफर्सनचा गुलाम. १७७० सालचा जन्म. आईचें नांव एलिझाबेथ हेमिंग्स. तीही त्याच घरची गुलाम. त्याचा भाऊ जेम्स फ्रान्समध्यें स्वयंपाक शिकून आला होता. १७९६ सालीं जेम्सला मुक्तता मिळाली, पण तत्पूर्वीं त्यानें आपली विद्या पीटरला द्यावी अशी अट होती. याप्रमाणें पीटर मुदपाकखान्यांत आला. पुढें १८१२ चें इंग्लंडशीं युद्ध सुरू झालें आणि जोसेफ मिलर नांवाचा एक इंग्रज बिअर-उत्पादक अमेरिकेंत अडकून शार्लट्सव्हिलच्या आसपास राहिला. जेफर्सननें ही संधि साधली. १८१३ च्या शरद ऋतूंत मिलरनें मॉन्टिसेलोस येऊन पीटरला धान्यास मोड आणण्यापासून पिंप भरण्यापर्यंत सर्व शिकविलें. शेतांत जव नव्हता, म्हणून गहूं घेतला. मिलर पुढें गेला. पीटर करीत राहिला. १८२० सालीं जेफर्सननें जेम्स मॅडिसनला लिहिलें कीं, तुमचा माणूस शिकावयास पाठवा, आमचा एल करणारा असामान्य बुद्धीचा आहे आणि शिकवूंही शकतो. मॅडिसन हा अमेरिकेचा चौथा अध्यक्ष. दोन अध्यक्षांचा पत्रव्यवहार चालला होता तो या गुलामाच्या शिकवणीविषयीं.

आणखी एक धागा आहे. या घरांत बिअर प्रथम केली ती जेफर्सनच्या पत्नीनें, मार्थानें. १७७२ सालीं लग्न होऊन ती आली आणि पंधरा पंधरा गॅलनांची हलकी बिअर करूं लागली. एका जुन्या सदऱ्याच्या बदल्यांत सात पौंड हॉप घेतल्याची नोंद तिच्या हिशेबाच्या वहींत आहे. मार्थाचा बाप जॉन वेल्स. आणि पीटरचाही बाप तोच, असें बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे बहिणीनें सुरू केलेलें काम चाळीस वर्षांनीं भावानें चालविलें म्हणावयाचें. पण बहीण मालकीण होती आणि भाऊ मालमत्ता.

हें सर्व मला प्रथम ठाऊक नव्हतें. मी पातेलें धरावयास गेलों होतों.

पहिल्या प्रयत्नाची हकीकत फार लांबवीत नाहीं. शेजाऱ्यांनीं मांडीवर काँब्रूनचा ग्रंथ घेतला, पातेल्यांत निव्वळ गव्हाचा माल्ट ओतला, आणि ऊन पाणी घातलें. ग्रंथांतलें धान्य जव आहे. जवाच्या दाण्यावर टरफल असतें. त्या टरफलांचाच थर बसून गाळणी होते आणि रस खालीं उतरतो. गव्हास टरफल नाहीं. तासाभरांत पातेल्यांत पुस्तकें बांधण्याची खळ तयार झाली. आम्ही ढवळलें, फुंकलें, चाळण बदलली, शेवटीं जुन्या धोतरांतून पिळून पाहिलें. (धोतर माझें, एवढीच माझी त्या दिवसाची भर.) मध्यरात्रीपर्यंत तीन लिटर रस निघाला आणि सकाळीं त्यास ताकाचा वास येत होता. शेजारी ग्रंथ मिटून म्हणाले, "मग त्यानें केलें कसें?" 'त्यानें' म्हणजे जेफर्सननें नव्हे, हें त्यांचें त्यांनाच बोलतां बोलतां लक्षांत आलें असावें, कारण ते पुढें बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या खेपेस आम्हीं तडजोड केली. साडेचार किलो गव्हाचा माल्ट, सव्वादोन किलो जवाचा, पाऊण किलो मका, आणि रस उतरावा म्हणून अर्धा किलो भाताचें तूस. हें सगळें १९ लिटर एलसाठीं. पीटरच्या प्रमाणाच्या हें निम्मेंही नाहीं, पण त्याहून दाट करण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं. पाणी ६७ अंश सेंटिग्रेडवर तासभर राखलें. दीड तास उकळलें. हॉप ६० ग्रॅम. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १ धरलें तर आमच्या रसाचें १.०८० भरलें. अकरा दिवसांत तें १.०१८ वर उतरलें, म्हणजे मद्यार्क सुमारें आठ टक्के. मग कांचेच्या मोठ्या बरणींत ओकचे तुकडे टाकून, क्लाउसेनचें तें आळशी यीस्ट घालून, सर्व तळघरांत ठेवून दिलें. तो ऑक्टोबर होता. एप्रिलमध्यें बाटल्या भरल्या: चव्वेचाळीस. मीं एक घोट घेतला. मनुकांची गोडी, बंद राहिलेल्या पुस्तकांच्या कपाटाचा वास, आणि शेवटीं कोकमासारखा आंबटपणा. आवडलें असें एकदम म्हणवत नाहीं. पण दुसरा घोट घेतला हें खरें.

राहिल्या चिठ्ठ्या. शेजाऱ्यांनीं त्या हौसेनें छापून आणल्या होत्या: वर पिसाची लेखणी, खालीं 'जेफर्सनची जुनी एल', आणि ४ जुलै ही तारीख. मीं म्हटलें, नांव पीटर हेमिंग्सचें पाहिजे. ते म्हणाले, "हा त्याचा दिवस नाहीं." मी परक्या देशांतून येऊन राहिलेला माणूस, त्यांच्या राष्ट्रीय सणांत बोट घालावें कीं नाहीं याचा मला संकोच होता. पण १८२७ ची गोष्ट मला ठाऊक होती, ती मीं सांगितली. जेफर्सन कर्ज ठेवून मेला. सर्व माणसें समान जन्मास येतात असें लिहिणाऱ्या या गृहस्थाच्या मालकीचीं आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक माणसें होतीं. मृत्युपत्रानें त्यानें पांचजण मुक्त केले, त्यांत पीटर नव्हता. पुढच्या जानेवारींत मॉन्टिसेलोच्या आवारांत १३० माणसांचा लिलांव पुकारला गेला. पीटर तेव्हां छप्पन-सत्तावन वर्षांचा. त्याच्या नात्यांतल्या डॅनियल फार्ली नांवाच्या मुक्त माणसानें त्यास एका डॉलरला विकत घेतलें, म्हणजे सोडविलें. त्यानंतर पीटर शार्लट्सव्हिलमध्यें कपडे शिवून पोट भरीत असे.

शेजाऱ्यांनीं हें ऐकून घेतलें. त्यांनाही तें माझ्याआधींपासून ठाऊक होतें. इतिहासाचे शिक्षक ते. अखेर असें ठरलें कीं, बावीस बाटल्यांवर त्यांची चिठ्ठी असावी आणि बावीस बाटल्यांवर माझी. मीं माझ्या चिठ्ठीवर लिहिलें: 'मॉन्टिसेलोची एल. करणारा पीटर हेमिंग्स.' दुसऱ्या दिवशीं पाहतों तों शेजाऱ्यांनीं आपल्या प्रत्येक छापील चिठ्ठीखालीं शाईनें पीटरचें नांव लिहिलें होतें. अक्षर जरा बारीक होतें. मी बोललों नाहीं. तेच माझी बाटली हातांत घेऊन म्हणाले, "तुम्हीं जेफर्सनला गाळलेंत कीं हो. पीटरचा हक्क सांगावयास तुम्ही ज्या वाक्याचा आधार घेतां, तें वाक्य कोणाचें?"

याला मजपाशीं उत्तर नव्हतें. चिठ्ठी मीं बदललेली नाहीं. त्यांच्या तळघरांत दोन फळ्यांवर दोन रांगा लाविल्या. वरची त्यांची, खालची माझी, मधें एक हाताचें अंतर.