शेवटचं वाक्य कुणाच्या तोंडी?

(कार्यकर्त्यांच्या एका निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'दूरचित्रवाणी मालिका आणि आपण' असा छापलाय. तो संयोजकांचा सभ्यपणा. खरी गोष्ट अशी, की गेलं दीड वर्ष आम्ही सात जणी दर शनिवारी संध्याकाळी एकीच्या घरी जमतो, कांदेपोहे करतो आणि 'स्टार ट्रेक' बघतो. हसा, हसा. घरचेही हसतात. बायकांनी भजनाला जावं, भिशीला जावं, ते चालतं. अंतराळयान बघायला जमायचं म्हणजे काय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात ही मालिका झाली, एकूण ७९ भाग. एंटरप्राइज नावाचं यान, त्याचा कॅप्टन कर्क, त्याचा टोकदार कानांचा सहकारी स्पॉक. आमच्या गटातल्या एक ताई ऐंशीच्या दशकात शाळेत असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका बघायच्या. मी त्यांच्याहून बरीच लहान. मी एम.एस.डब्ल्यू. करताना वसतिगृहात, मैत्रिणीच्या संगणकावर बघितली. म्हणजे आम्ही सगळ्या आधीपासूनच्या भक्त. आता एकत्र बसून पुन्हा बघतोय, एवढंच.

भक्ती का, तर उहुरामुळे. त्या काळी अमेरिकन पडद्यावर काळ्या बाईला बहुतेक वेळा मोलकरणीचंच काम मिळायचं. ही मात्र यानाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसलेली. ते काम करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितलं, की पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडणार होत्या, पण मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी सोडू नका म्हणून गळ घातली. पुढे नासाने स्त्रियांना आणि काळ्यांना अंतराळवीर होण्यासाठी पुढे आणायचं काम त्यांच्याकडे दिलं. १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन उहुराचं ऋण मोकळेपणाने सांगतात. हे सगळं आम्हाला पाठ. तरी आमच्यातली परिचारिका दुसऱ्याच शनिवारी म्हणाली, "अगं, ही दिवसभर फोनच घेते की!" खरंच, बहुतेक भागांत उहुराला तेवढंच काम आहे.

आणखी एक सांगते, कारण ते आपल्या कामाशी जुळतं. मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागल्यावर १९६७-६८ मध्ये बीजो ट्रिंबल नावाच्या बाईंनी नवऱ्याबरोबर पत्रांची मोहीम उभारली. एवढी पत्रं गेली, की वाहिनीला मालिका चालू राहणार असं पडद्यावरून जाहीर करावं लागलं. सह्यांच्या मोहिमा करणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्याच वर्षात, ऑक्टोबर १९६६ मध्ये दाखवलेला एक भाग आहे. यंत्रात बिघाड होऊन कर्कचे दोन कर्क होतात, एक सज्जन आणि एक दुष्ट. हा दुष्ट कर्क जेनिस रँड या हाताखालच्या तरुण मुलीच्या खोलीत शिरतो आणि तिच्यावर हात टाकतो. ती झटापट करते, त्याचा चेहरा ओरबाडते. नंतर तिची चौकशी होते. खोलीत तीन पुरुष. डॉक्टर, स्पॉक आणि स्वतः कॅप्टन! हा सज्जन कर्क, त्याला यातलं काही ठाऊक नाही, तो आपला कोरा चेहरा तिला दाखवतो, ओरखडा कुठाय विचारतो. ती रडत सांगते, की तुम्ही कॅप्टन आहात, तुम्हाला अडचणीत आणायचं नव्हतं, मी बोललेही नसते. मग एक पुरुष पुढे येऊन सांगतो की मीही पाहिलं.

आणि शेवट? दोन्ही कर्क पुन्हा एक होतात. दुष्ट अर्ध्याशिवाय कॅप्टनला निर्णयच घेता येत नाहीत, असं कथेचं म्हणणं. सगळं निवळल्यावर स्पॉक त्या मुलीला मिश्कीलपणे सुचवतो, की त्या तोतयाचे काही गुण तसे रंजकच होते, नाही का? भाग संपतो.

त्या शनिवारी ताई या वाक्याला हसल्या. लहानपणी हसायच्या तशाच. आमच्यातली एक उठून स्वयंपाकघरात गेली. मग जे भांडण झालं ते काही विचारू नका. एकजण म्हणाली, ही मालिका आता बंद. दुसरी म्हणाली, साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टीला आजची फूटपट्टी लावायची का? मी म्हटलं, लावायची, कारण ती मुलगी आजही तक्रार घेऊन येते. ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी पोहे परतता परतता, आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या पहिल्या नोकरीतही साहेब असंच बोलले होते. तेव्हाही मी हसलेच होते."

मला त्या आठवड्यात झोप लागली नव्हती, त्याचं कारण वेगळं होतं. ते कबूल करायलाच मी इथे उभी आहे.

२०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणच्या अंतर्गत समितीवर स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची सदस्य लागते. अशा एका समितीवर मी आहे. त्याआधी दोनच महिने एका मुलीची सुनावणी झाली होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो तिचा वरिष्ठ समोरच्या खुर्चीत बसलेला. त्याला बाहेर बसवायला हवं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण वेळ कमी होता, आणि तो फार सभ्यपणे वागत होता. ती मुलगी म्हणाली, "सरांना त्रास व्हावा असा माझा हेतू नाही." ते वाक्य मी माझ्या हाताने इतिवृत्तात लिहिलं. पुढे त्याच वाक्याच्या आधारावर प्रकरण समज देऊन मिटलं. मीही सही केली.

पडद्यावर रँड तेच बोलली तेव्हा माझ्या हातातली बशी हातातच राहिली. शिबिरांत मी स्वतः शिकवते, की बाईच्या अशा वाक्याला भीतीचं वाक्य म्हणून ऐकायचं. आणि तिथे मी ते माफीसारखं ऐकलं.

रँडचं काम करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी यांनी १९९८ साली आत्मचरित्रात लिहिलं, की त्याच काळात मालिकेतल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर अत्याचार केला. पुस्तकात त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांना मालिकेतून कमी केलं गेलं. पुढे दारूचं व्यसन, १९७९ च्या चित्रपटात पुन्हा रँड म्हणून उभं राहणं, आणि मग व्यसनातून बाहेर येणं. २०१५ मध्ये त्या गेल्या. हे कळल्यावर तो भाग आम्ही पुन्हा लावला. या वेळी कोणी काही बोललं नाही. स्पॉकचं वाक्य यायच्या आधी ताईंनीच उठून आवाज बंद केला.

त्या मुलीला मी नंतर फोन केला. तिने नोकरी सोडली होती. शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही तरी काही बोलाल असं वाटलं होतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तक्रारदार बाईला स्वतः फोन करून विचारते, तो खोलीत असलेला चालेल का? बहुतेक जणी आधी 'चालेल' म्हणतात. मग मी पुन्हा विचारते.

आमचे अजून अकरा भाग राहिलेत. मालिका बंद करायची की नाही, हे भांडण मिटलेलं नाही. पण शनिवारी यायचं कोणी थांबलेलं नाही.