मुक्या जिवाचा उपवास

(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेल्या भाषणावरून)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड दुकानदार. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही जीवदयेवर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा स्वतःच्या हातून घडलेली एक चूकच आपल्यापुढे ठेवावी असे वाटले.

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर मांजर नाही असे गाव नाही. कोळीवाड्यात ती मासळीवर जगतात, बाजारपेठेत उंदरांवर. माझ्या दुकानातही कापडाचे तागे राखणारी एक मांजरी होती. घरचा दूधभात तिला मिळे. एका वर्षी पर्युषणात तिने खाणे सोडले. दोनदा ओकली आणि गठ्ठ्यांमागे बसून राहिली. घरात उपवास चालू होते. "तिचेही लंघन चालले आहे, पोट निवळेल," असे मी कौतुकाने म्हणालो. चौथ्या दिवशी तिच्या हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या दिसल्या.

पशुवैद्यांनी रक्त तपासले. पुढे पेणमार्गे मुंबईस नेऊन सोनोग्राफी केली. आतडी, पित्तमार्ग व स्वादुपिंड या तिघांना एकाच वेळी दाह झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. याला ट्रायडायटिस म्हणतात. मांजराच्या शरीरात पित्ताची नलिका व स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडण्यापूर्वीच एकत्र येतात. दोन दुकानांचे सांडपाणी एकाच मोरीतून जावे, तसेच हे. वारंवार ओकाऱ्या झाल्या की आतड्यातील जंतू त्या वाटेने वर चढत असावेत, असे मानले जाते. काही मांजरांत शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेली असते. बाहेरून दिसते ते एवढेच: मांजर खात नाही, ओकते, वाळते, कोपरा धरून बसते.

माझी खरी चूक लंघनाची. काही दिवस अन्न नसले तरी मनुष्य साठलेल्या चरबीवर निभावतो. मांजराचे तसे नाही. त्याची चरबी यकृतात साचते आणि मूळ दुखण्यावर दुसरे प्राणघातक दुखणे जडते. म्हणून या आजारात उपाशी न ठेवता, प्रसंगी नळीनेही अन्न द्यावे लागते. आमच्या मांजरीला सलाइन, औषधे, नळी सर्व झाले. अकराव्या दिवशी तिने प्राण सोडला. चार दिवस आधी आणली असती तर आशा अधिक होती, असे डॉक्टर म्हणाले. ते चार दिवस माझे होते.

दूधभाताने हा आजार झाला, असे मी म्हणत नाही. परंतु पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. मांस-मासळीत असणारे टॉरिन हे द्रव्य कमी पडल्यास मांजराचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. निसर्गाने त्याला मांसाहारीच घडवले आहे. आपल्या आचारास हे जड जाते, हे मी जाणतो. ज्यांना ते जमणारे नाही, त्यांनी मांजर बांधून ठेवू नये, शेजारच्या घरी जाऊ द्यावे. आपला नियम त्याच्यावर लादू नये.

आपल्याला एवढेच सांगणे आहे. मांजराने एक दिवस अन्न घेतले नाही, तर दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. घरातील पॅरासिटामॉल कदापि देऊ नये, ते मांजराला विष आहे. भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ पासून उभी आहे. तो वारसा सांगणाऱ्या आपल्या समाजाने जीवदया निधीतील थोडा भाग बाजारातल्या मांजरांच्या उपचारासाठी ठेवावा, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे.

उपवास आपण समजून-उमजून करतो. मुके जनावर दुखणे सांगता येत नाही म्हणून अन्न सोडते. हा भेद मला उशिरा कळला.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास आपणा सर्वांना आणि त्या जिवालाही मिच्छामि दुक्कडम्.