पूर्वज सैनिकाचा शोध
(कासुर्डी येथील कार्यक्रमात दिलेले भाषण)



दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. परतताना एखादे मूल हटकून विचारते, "आपला पूर्वज त्या लढाईत होता का?" प्रश्न मोलाचा आहे; पण त्याचे उत्तर अभिमानाने नव्हे, पुराव्याने द्यायला हवे. केवळ ऐकीव म्हणून काही मानू नका, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश येथेही लागू पडतो.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढली. दोन्हीकडे बहुतेक माणसे याच देशातली होती. स्तंभावरील नावांत 'नाक' प्रत्ययाची २२ महार नावे आहेत, तशीच मराठा, रजपूत व मुसलमान नावेही आहेत. 'नाक' हे आडनाव नव्हे. म्हणून केवळ नाव सारखे दिसले, एवढ्यावरून नाते सांगता येत नाही.

शोध घरापासून सुरू करावा आणि एकेक पिढी मागे जावे. पत्र्याच्या पेटीत पेन्शनचे कागद असतील, पदक असेल. पदकाच्या कडेवर क्रमांक, नाव व पलटण कोरलेली असेल, तर ती उतरवून घ्या. शाळेचे जनरल रजिस्टर व कोतवाल बुक पाहा.

ऐकलेली हकीकत तारखांशी ताडून पाहा. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची सैन्यभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ महार पलटण उभी राहिली. तीही १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात स्थापन झाली. तेव्हा "आजोबा १९३० साली महार पलटणीत भरती झाले" असे कोणी सांगितले, तर साल किंवा पलटण चुकली आहे, हे ओळखावे.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्तंभाला अभिवादन केले. तो वारसा आपल्या सर्वांचा आहे. त्यासाठी यादीत आपल्या घरचे नाव असावे लागत नाही. परंतु घरचा खरा सैनिक मात्र विस्मृतीत जाता कामा नये. आजीला जे ठाऊक आहे, ते तिच्यानंतर कोणी सांगणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पुढच्या १ जानेवारीपूर्वी प्रत्येकाने एक पान लिहून आणावे : नाव, गाव, पलटण, कोणी सांगितले आणि कोणता कागद पाहिला. कागद मिळाला नाही, तर तसेही प्रामाणिकपणे लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!