वेबसाइटचंही सडा-सारवण



आज आपण गटाच्या वेबसाइटबद्दल बोलू. आता बऱ्याच गटांची स्वतःची वेबसाइट असते. कुणाला संस्थेनं करून दिलेली, कुणाला गावातल्या शिकलेल्या पोरानं. नारळ फुटतो, फोटो निघतात आणि मग वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. अंगण एकदा सारवलं म्हणून कायमचं स्वच्छ राहत नाही, तसंच हे. आमच्या गटात महिन्याची बचत गोळा झाली की अर्धा तास आम्ही वेबसाइटला देतो. त्या अर्ध्या तासात काय करतो, ते सांगतो. यातल्या बहुतेक कामांना इंजिनिअर लागत नाही.

पहिलं काम दर आणि तारखांचं. मिरची महागली की मसाल्याचा दर बदलतो. वेबसाइटवर जुना दर राहिला तर गिऱ्हाईक तोच धरून बसतं. मग एक तर पदरचे पैसे जातात, नाहीतर गिऱ्हाईक तुटतं. म्हणून दराखाली तो कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे आम्ही लिहितो. तारीख ताजी दिसली की इथं माणसं आहेत, दुकान चालू आहे, असा भरवसा येतो. शिमग्याला दिवाळीच्या फराळाची सवलत दिसली, तर बघणारीला वाटतं, यांचं दुकान बंद पडलं! कुरडया संपल्या तर त्यांचं पान काढून टाकू नका. ‘संपल्या, नवीन माल एप्रिलमध्ये’ एवढं लिहा. ज्यांना हव्यात त्या तेव्हा फोन करतील.

दुसरं काम फोन नंबरचं. नंबर प्रत्येक पानावर, वरच्या बाजूला हवा. त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागेल, अशी सोय करता येते. वेबसाइट करणाऱ्याला ती करून द्यायला सांगा. अध्यक्ष किंवा सचिव बदलली की त्याच आठवड्यात नंबर बदला. पैसे भरायचा क्यूआर कोडही तपासा. एक रुपया पाठवून बघा, गटाच्याच खात्यात येतो ना? खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न नोंदणीचा 14 अंकी नंबरही तिथंच लिहा. लांबचं गिऱ्हाईक तो आधी बघतं.

तिसरं काम फोटोंचं. आजकालच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज 4 एमबीचा असतो. असे दहा फोटो म्हणजे 40 एमबी. जिथं रेंज जेमतेम, तिथं पान उघडेपर्यंत बघणारी कंटाळून निघून जाते. तेच फोटो 200 केबीचे केले तर दहा मिळून 2 एमबी होतात आणि मोबाइलवर तेवढेच स्वच्छ दिसतात. फोटो लहान करायची फुकट अॅप मिळतात. फोटो मात्र दिवसाउजेडी काढा आणि पाकिटावरचं वजन वाचता येऊ द्या.

चौथं काम अक्षरांचं. पुष्कळ ठिकाणी सगळी माहिती एका रंगीत पोस्टरवर लिहून त्याचा फोटो लावलेला असतो. असा मजकूर गूगलच्या शोधात सहसा सापडत नाही. मोठा करावा तर फुटतो. ज्यांना दिसत नाही, त्यांचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, पण फोटोतली अक्षरं त्याला नीट वाचता येतीलच असं नाही. म्हणून मजकूर युनिकोड मराठीत टाइप करा. आपण मोबाइलवर निरोप लिहितो, ती मराठी युनिकोडच असते. पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. भर उन्हात पान उघडून बघा. तिथं वाचता आलं तर सगळीकडे येईल.

हे सगळं जमलं की नाही, हे कसं कळायचं? जिनं आपली वेबसाइट कधी पाहिली नाही, तिच्या हातात मोबाइल द्या. तिला म्हणा, ‘अर्धा किलो काळा मसाला केवढ्याला आणि फोन कुणाला करायचा, ते शोध.’ मग गप्प बसा. ती जिथं अडेल, तिथं दुरुस्ती करायची. जेकब नील्सन नावाच्या अभ्यासकांनी 2000 साली लिहून ठेवलं आहे, की अशा पाच जणींना वापरून पाहायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाच जणी तर आपल्या आळीतच मिळतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किल्ली. वेबसाइटचं नाव ठरावीक मुदतीसाठीच मिळतं, बहुतेकदा वर्षासाठी. मुदत संपून पैसे भरले नाहीत तर ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं. मग आपल्या पाकिटांवर छापलेला पत्ता गिऱ्हाइकाला परक्याच्या दारात नेतो. म्हणून विचारा, नाव कुणाच्या नावावर आहे? पासवर्ड कुणाकडे आहे? ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? उत्तर ‘त्या पोराकडे’ असं असेल, तर ते आधी गटाकडे घ्या. मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा, पासवर्ड बंद पाकिटात पेटीत ठेवा आणि तो दोघींना माहीत असू द्या. बँकेच्या पासबुकाला आपण जपतो, तसंच हेही जपायचं.

सगळी कामं एकदम काढू नका. पुढच्या बैठकीत फक्त दर आणि फोन नंबर बघा. त्याच्या पुढच्या बैठकीत फोटो. किल्लीची चौकशी मात्र आजच करा.