परका रक्षक

३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील एका मेंदूमृत स्त्रीचे हृदय विमानाने मुंबईस आले आणि पोलिसांनी मोकळ्या राखलेल्या रस्त्याने मुलुंडच्या इस्पितळात पोहोचले. रस्त्याचा बंदोबस्त अंमलदारांना करता येतो. परंतु परका अवयव देहात शिरल्यावर शरीराचे पहारेकरी त्याची जी कसून तपासणी करतात, तिचा बंदोबस्त वैद्याकडेच असतो.

त्यासाठी कित्येकदा ससा किंवा घोडा यांच्या रक्तात घडविलेली प्रतिपिंडे देऊन या पहारेकरी पेशींना आवरले जाते. पण हे औषधही परक्या प्राण्याचेच. म्हणून शरीर त्याच्यावरही उलट प्रतिपिंडे सोडते. बोरिवलीच्या अरण्यालगत सर्पदंश झालेल्या माणसाला घोड्याच्या रक्तापासून केलेले सर्पविषप्रतिबंधक द्यावे लागते, आणि प्राण वाचूनही काहींना आठ-दहा दिवसांनी ताप, अंगावर गांधी व सांधेदुखी होते, ती याच कारणाने. व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक या वैद्यांनी १९०५ सालीच या विकाराचे सविस्तर वर्णन केले होते. १९८६ साली मूत्रपिंडरोपणासाठी अमेरिकेत परवाना मिळालेल्या, उंदराच्या पेशींपासून केलेल्या प्रतिपिंडाचीही हीच गत झाली: रुग्णाच्या रक्तात त्याचे विरोधक उपजले, की दुसऱ्या खेपेस त्याचा प्रभाव ओसरे. तेव्हा शास्त्रज्ञांनी लक्ष्य पकडणारे टोक तेवढे उंदराचे ठेवून उरलेला रेणू मानवी घडणीचा केला.

प्राण्याचा अवयवच माणसात बसवू लागल्यावर हा पेच अधिक बिकट होतो. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, दहा जनुकांत फेरफार केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णाच्या छातीत बसविले गेले. तो सुमारे दोन महिने जगला. त्याची प्रतिकारशक्ती सावरण्यासाठी अनेक रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे दिली होती. पुढील तपासात त्यांत डुकराच्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे आढळली, आणि हृदय निकामी होण्यास तीही कारणीभूत झाली असावीत, असा संशय वैद्यांनी नोंदविला. येथे औषध मानवाचे होते आणि अवयव परका; रक्षकाने ज्याला राखायचे त्यालाच परके ठरविले.

म्हणून केवळ परका अवयव पहारेकऱ्यांपासून लपविणे पुरेसे नाही. औषध म्हणून जे जे रक्तात सोडू, त्याची अवयवाशी आणि देहाशी ओळख पटते काय, हे आधी पाहिले पाहिजे. प्राण्याचा अवयव माणसात बसविण्याची ही विद्या सिद्ध होईपर्यंत आशेचा जवळचा मार्ग माणसाच्याच दानाचा आहे. शोकाच्या घटकेस पुण्याच्या त्या कुटुंबाने दिलेल्या होकारावाचून मुलुंडचा तो रस्ता मोकळा करण्यास काही कारणच उरले नसते.